वादळी हवा, बंद बोटी आणि बाजारातली मासळी: कोकण किनाऱ्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत कधीही हवा बिघडली की तेच प्रश्न पुन्हा कानावर येतात. काही मासळी घेणाऱ्यांचे असतात, काही सुट्टीला गावी आलेल्यांचे, आणि काही अशा घरांचे, ज्यांचा मुलगा यंदा पहिल्यांदाच बोटीवर चढला आहे. उत्तरं पालघरपासून वेंगुर्ल्यापर्यंत साधारण लागू पडतात, पण उदाहरणं रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाकडची जास्त आहेत.

१ ऑगस्टला बंदी उठली. मग बोटी अजून बंदरातच कशा?

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. बिगरयांत्रिक होड्यांना ही बंदी नाही. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंत, राज्याचा कायदा चालतो आणि त्यापलीकडे केंद्राचा आदेश. पश्चिम किनाऱ्यावर केंद्राच्या बंदीच्या तारखाही याच आहेत. हा काळ माशांच्या विणीचा आणि समुद्र सर्वांत जास्त खवळलेला असण्याचा, म्हणून तो निवडलेला आहे.

पण पावसाळी वाऱ्याचा जोर ठरल्या तारखेला ओसरत नाही. ऑगस्टच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बऱ्याचदा लाटा तीन मीटरच्या पुढे असतात. मग शाकारलेल्या बोटी उघडल्या जातात, रंगरंगोटी होते, जाळी भरली जातात, खलाशी येऊन थांबतात आणि बोटी नांगरावरच राहतात. जुनी रीत नारळी पौर्णिमेला नारळ देऊन समुद्रात जाण्याची होती. ती तारीख चंद्रावर चालते, त्यामुळे २०२३ मध्ये ती ३० ऑगस्टला आली आणि २०२५ मध्ये ८ ऑगस्टला.

बंदी १५ ऑगस्टपर्यंत वाढवा, ही मच्छीमारांची मागणी जुनी आहे आणि मला ती रास्त वाटते. १ ऑगस्टला एक बोट बाहेर पडली की शेजारच्याला घरी बसवत नाही. पहिल्या म्हावऱ्याला मिळणारा भाव दुसऱ्यालाच मिळणार, हे त्याला दिसत असतं. तारीखच पुढे गेली तर ही चढाओढही पुढे जाईल, आणि तोवर वारंही थोडं पडलेलं असेल.

‘तीन नंबरचा बावटा लागला’ म्हणजे नेमकं काय?

बंदरांवर हवामानाचा इशारा देण्यासाठी १ ते ११ क्रमांकांचे संकेत ठरलेले आहेत. दिवसा सुळके आणि नळकांडी चढवतात, रात्री लाल-पांढरे दिवे. १ आणि २ नंबर दूर समुद्रात काहीतरी शिजत असल्याचं सांगतात. ३ आणि ४ खुद्द त्या बंदराबद्दल असतात. ५ ते ७ धोक्याचे, ८ ते १० मोठ्या धोक्याचे. ११ नंबरचा अर्थ असा की इशारा देणाऱ्या केंद्राशी संपर्कच तुटला आहे.

आपल्याकडे सर्वांत जास्त कानावर पडतो तो तीन नंबर. बंदरावर सोसाट्याचा वारा येण्याची शक्यता आहे, बोटींनी बाहेर पडू नये, असा त्याचा व्यवहारातला अर्थ. तीनचा आकडा ऐकून ‘अजून अकरापर्यंत वेळ आहे’ असं समजू नका. ही चढती परीक्षा नाही. लहान बोटीसाठी तीन नंबर हाच शेवटचा शब्द मानावा. आज बहुतेकांना तो डोळ्यांनी दिसण्याआधी मच्छीमार संस्थेच्या व्हॉट्सॲप गटावर कळतो.

हवामान खात्याच्या इशाऱ्यात काय पाहायचं?

तीन गोष्टी: वारा, प्रदेश आणि मुदत. ‘४५ ते ५५ किलोमीटर वेगाने, झोत ६५ पर्यंत’ हे वाक्य पावसाळ्यात जवळपास रोज दिसतं, म्हणून ते नजरेआड होतं. पण त्यातला झोताचा आकडाच बोट उलटवतो. इशारा ‘किनाऱ्यालगत’ आहे की ‘मध्य अरबी समुद्रात’, हेही पाहायला हवं. आणि ‘२४ तासांसाठी’ लिहिलं असेल तर ती मुदत इशारा निघाल्यापासून धरायची. आपल्याला तो दुपारी फॉरवर्ड होऊन आला, म्हणून मुदत दुपारी सुरू होत नाही.

लाटांचे अंदाज हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था देते. तिथे एक मुद्दा बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. अंदाजातली लाटेची उंची ही सर्वांत उंच एकतृतीयांश लाटांची सरासरी असते. ‘३ मीटर’ लिहिलेल्या दिवशी मधूनच पाच-साडेपाच मीटरची लाट येऊ शकते, आणि ती आली म्हणून अंदाज चुकला असं होत नाही. तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, तीन मीटर झेलायच्या तयारीत असतो आणि मारते ती मधूनच आलेली लाट.

कमी दाबाच्या क्षेत्राचं नाव बदलत जातं तेही समजून घ्या. वारा ताशी ६२ किलोमीटरला पोचला की त्याला चक्रीवादळ म्हणतात आणि नाव मिळतं, तेव्हा बातम्या सुरू होतात. पण नाव न मिळालेला कमी दाबाचा पट्टाही लहान होडीला पुरेसा असतो. दर्यात ताशी ५० किलोमीटरच्या वाऱ्यात जाळं ओढणाऱ्या माणसाला त्या वाऱ्याचं नाव काय, याने काही फरक पडत नाही.

वारा नाही, आभाळ स्वच्छ आहे, तरी समुद्र खवळलेला कसा?

लाटा दुरून आलेल्या असतात. दक्षिणेकडे हजारो किलोमीटरवर, हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाकडे वादळ झालं की त्याच्या लाटा संथ, लांबलचक होत काही दिवसांनी आपल्या किनाऱ्याला लागतात. खोल पाण्यात त्या जाणवतही नाहीत, बोट फक्त हळूच वर-खाली होते. पाणी उथळ झालं की त्याच लाटा उभ्या राहतात आणि फुटतात. केरळात याला ‘कल्लक्कडल’ म्हणतात, म्हणजे चोरपावलांनी आलेला समुद्र. तिथे घरांत पाणी शिरतं. आपल्याकडे किनारा थोडा चढा असल्याने ते कमी जाणवतं, पण उधाणाची भरती आणि अशा लाटा एकत्र आल्या की किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्याही जागेवर राहत नाहीत. म्हणून अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास इशारा असेल तर होडी नेहमीपेक्षा वर घ्यावी. भांगेच्या, म्हणजे भरती कमी चढते त्या दिवसांत तेवढी घाई नसते.

सर्वांत धोक्याची जागा कुठली? खोल समुद्र?

नाही. खाडीचं मुख.

बाहेरच्यांना हे पटत नाही, पण कोकणातल्या कुठल्याही जाणत्या तांडेलाला विचारा. बोट रात्रभर बाहेर सुखरूप राहते आणि घर दिसायला लागल्यावर उलटते. खाडीच्या तोंडाशी गाळ साचून पाणी उथळ झालेलं असतं. ओहोटीला खाडीचं पाणी जोरात बाहेर येतं, पावसाळ्यात त्यात नदीच्या पुराचीही भर पडते. समोरून समुद्राच्या लाटा आत येत असतात. दोन्हींची गाठ पडली की लाट आखूड होते, उभी होते आणि एकदम फुटते. बोट तिच्यात आडवी आली तर सावरायला वेळ मिळत नाही.

त्यात माणूस दमलेला, मासळी भरलेली, डिझेल संपत आलेलं आणि लिलावाची वेळ जवळ आलेली. अशा वेळी भरतीचं पाणी चढेपर्यंत दोन-तीन तास बाहेरच थांबणं जिवावर येतं, पण थांबावंच. हवा खराब असताना मुखातून आत शिरायची वेळ भरतीच्या शेवटच्या टप्प्यातली धरावी आणि ओहोटी जोरात लागल्यावर शिरूच नये. नव्या खलाशाच्या आईवडिलांनी मुलाला एकच गोष्ट विचारायची असेल, तर ‘आत येताना लाइफ जॅकेट अंगात होतं का’ हे विचारावं.

हवा बिघडल्यावर बोटी आसऱ्याला कुठे जातात?

जिथे डोंगराची किंवा खाडीची आड मिळेल तिथे. हर्णैच्या बंदराला अशी आड नाही. इशारा आला की तिथल्या बोटी आंजर्ल्याच्या खाडीत, दाभोळला किंवा थेट जयगडला जातात. मालवण परिसरातल्या मोठ्या बोटी देवगड गाठतात. देवगडला निसर्गानेच आसरा दिला आहे, त्यामुळे वादळात तिथे गुजरातपासून केरळपर्यंतच्या बोटी शेजारी शेजारी नांगरलेल्या दिसतात.

डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळात केरळ आणि तमिळनाडूच्या साठाहून अधिक बोटी नऊशेहून जास्त मच्छीमारांसह देवगडच्या आसऱ्याला पोचल्या. भाषा कळत नव्हती, पण त्यांना जेवण, कपडे आणि घरी फोन मिळाला. परप्रांतीय ट्रॉलर आपल्या हद्दीत येऊन मासळी ओढून नेतात, यावरून आपल्याकडे कायम वाद असतो आणि तो खराही आहे. तरी वादळात बंदरात आलेल्या बोटीला परत जा म्हणत नाहीत. ही रीत टिकली पाहिजे, कारण उद्या आपली बोट वेरावळला किंवा कारवारला अडकलेली असेल.

वादळानंतर मासळी भरपूर मिळते, हे खरं आहे का?

अर्धं खरं आहे, आणि तेच अर्धं लोकांना वेळेआधी बाहेर काढतं. म्हणून जरा सविस्तर.

जोराच्या वाऱ्याने समुद्राचा वरचा थर घुसळला जातो. खालचं थंड पाणी वर येतं आणि त्याबरोबर तळाकडची पोषकद्रव्यंही येतात. ऊन पडलं की काही दिवसांत त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात. उपग्रहाच्या चित्रात वादळाच्या वाटेवर हा हिरवेपणा दिसतोही. त्या खाणारे बारीक जीव त्यानंतर वाढतात आणि त्यांच्यामागे तारली, बांगडा असे थव्याने फिरणारे मासे येतात. म्हणजे फायदा असतो, पण तो वादळाच्या दुसऱ्या दिवशी नसतो.

दुसऱ्या दिवशी मिळते ती मासळी वेगळ्या कारणाने. पाणी गढूळ झालेलं असतं, माशाला जाळं दिसत नाही, त्यामुळे वावरीसारख्या अडवणाऱ्या जाळ्यांना एक-दोन दिवस बरी मासळी लागते. मुसळधार पावसाने खाडीचं पाणी गोडं झालं की तिथे वाढलेली कोळंबी बाहेर समुद्राकडे निघते. ऑगस्टच्या पहिल्या फेऱ्यांत कोळंबी जास्त मिळण्यामागे हेही एक कारण आहे. तळ ढवळला गेल्याने तिथले जीवही हलतात.

तोटा कोणाचा? ज्यांना थवा डोळ्यांनी पाहून जाळं टाकायचं असतं त्यांचा. लाटांमुळे थवे फुटतात, खाली जातात. खवळलेल्या पाण्यात पर्ससीनचं, म्हणजे थव्याला वेढून खालून आवळायचं जाळं नीट आवळताही येत नाही. राज्याच्या जलक्षेत्रात पर्ससीनला मुळात सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुदत आहे. त्यातच पावसाळा लांबतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात वादळं येतात. पर्ससीनला विरोध असणाऱ्यांत मीही आहे, पण त्यावरच्या खलाशाचा हंगाम या चार महिन्यांत किती आक्रसतो हे नाकारता येत नाही.

वादळाच्या आधी मासे किनाऱ्याकडे येतात असंही म्हणतात. हवा बदलण्याआधीच्या दिवशी रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याला, मासळी लागल्याचे अनुभव जुने लोक सांगतात. असेलही. पण त्या भरवशावर इशारा मोडून जाळं टाकायला जाऊ नये. मासळी लागो न लागो, परतायला वेळ कमी असतो हे नक्की.

मग अशा दिवसांत नेमकी कुठली मासळी येते?

किनाऱ्यावरून होणारी मासेमारी थोडीफार चालू असते. पाग (हाताने फेकायचं जाळं) टाकून किंवा खाडीत छोटं जाळं लावून बोय, शिंगाळा, तांबोशी, मुडदुशी मिळतात. रायगडात पावसाळ्यात गाभोळीची चिवणी आणि शेततळ्यांतला जिताडा असतो. पहिल्या पावसात शेतात चढणारे वळगणीचे मासे हा वेगळाच आनंद आहे, पण अंड्यांनी भरलेले सगळेच मासे काठीने मारून आणू नयेत. थोडे वर जाऊ द्यावेत.

वसई, अर्नाळा, उत्तन, वर्सोवा या पट्ट्यात बोंबील, करदी, मांदेली मिळते ती मुख्यतः डोल जाळ्याने. हे जाळं समुद्रात खुंट ठोकून बांधलेलं असतं आणि भरती-ओहोटीच्या ओढीवर भरतं. त्यामुळे उधाणाचे दिवस त्याच्या कमाईचे. नेमक्या त्याच दिवसांत हवा बिघडली तर खुंट हलतात, जाळी फाटतात, आणि वर बोंबील वाळवायला ऊनही नसतं. डोलवाल्याचं नुकसान असं दुहेरी होतं.

पापलेट, सुरमई, हलवा मात्र बोटी बाहेर गेल्याशिवाय नाही. बोटी बंद असताना कोणी ‘आजचं ताजं पापलेट’ म्हणून विकत असेल तर ते कुठून आलं, हे बिनदिक्कत विचारा.

बोटी बंद असताना बाजारात मासे येतात तरी कुठून?

बर्फातून आणि दुसऱ्या किनाऱ्यावरून. पूर्व किनाऱ्याची बंदी १५ एप्रिल ते १४ जून असते. म्हणजे आपली बंदी ऐन भरात असते तेव्हा आंध्र, ओडिशा, तमिळनाडूकडच्या बोटी समुद्रात असतात आणि तिथली मासळी बर्फात घालून मुंबई-पुण्याला येते. हंगामात अचानक आठवडाभर हवा बिघडली तर शीतगृहातला माल निघतो, तळ्यातली रोहू-कटला आणि कोळंबी वाढते.

आणि सुकी मासळी असतेच. सुके बोंबील, जवळा, सोडे, सुका बांगडा हे कोकणातल्या घराने पावसाळ्यासाठी करून ठेवलेलं खातं. वादळाच्या आठवड्यात शिळ्या पापलेटाला दुप्पट पैसे देण्यापेक्षा जवळ्याची चटणी आणि भाकरी खावी, हे माझं स्पष्ट मत.

भाव चढतात, तर मच्छीमाराला चांगले पैसे मिळत असतील ना?

ज्याची बोट बंद आहे त्याला चढ्या भावाचं काहीच मिळत नाही. वाढलेला भाव माल साठवणाऱ्याला आणि आणणाऱ्याला मिळतो. हवा सुधारते तेव्हा सगळ्या बोटी एकदम जातात आणि एकदम परत येतात. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराच्या धक्क्यावर किंवा हर्णैच्या वाळूवर एकाच वेळी ढीग लागतात आणि लिलावात भाव पडतो. त्या दिवशी बर्फही कमी पडतो, मग बांगडा-तारली मिळेल त्या भावाला द्यावी लागते, नाहीतर खत आणि मत्स्यतेलाच्या कारखान्याकडे जाते.

टोपली घेऊन दारोदार फिरणाऱ्या बाईचं तर आणखी कठीण. बोटी बंद तर तिचा धंदा बंद. दुसरीकडून आलेला माल घ्यायला तिच्याकडे रोख भांडवल नसतं. वादळाच्या नुकसानीच्या यादीत बोटी येतात, जाळी येतात, तिचे बुडालेले दिवस कुठेच येत नाहीत.

धोका माहीत असूनही बोटी का जातात?

हा प्रश्न बहुतेक वेळा रागाने विचारला जातो, विशेषतः एखादी दुर्घटना झाल्यावर. ‘इशारा दिला होता, ऐकलं नाही’ असं म्हणून विषय संपवतात. मला वाटतं, या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

मोठ्या बोटीची एक फेरी म्हणजे डिझेल, बर्फ, रेशन, पाणी असा खर्च आधीच झालेला असतो. भरलेला बर्फ बंदरात उभ्या बोटीतही वितळतोच. रत्नागिरीकडच्या बोटींवर नेपाळ, कर्नाटक, उत्तर प्रदेश इथून आलेले खलाशी असतात. हंगामाच्या आधी त्यांना उचल दिलेली असते आणि बोट थांबली तरी त्यांचं जेवण आणि पगार थांबत नाही. वाट्यावर काम असेल तर उलटं: बोट थांबली की खलाशाच्या घरी पैसे जात नाहीत. बोटीच्या कर्जाचा हप्ता आहे. आणि ज्या व्यापाऱ्याकडून आगाऊ पैसे घेतलेत, त्याला माल द्यायचा शब्द आहे. चार दिवस थांबणं एखाद्याला जमतं. महिन्यात तिसऱ्यांदा चार दिवस थांबायची वेळ आली की नाखवा, म्हणजे बोटीचा मालक, आभाळाकडे बघायचं सोडून हिशोबाच्या वहीकडे बघतो.

२०१९ हे याचं ढळढळीत उदाहरण. पावसाळा लांबला, मग ऐन दिवाळीत क्यार आणि पाठोपाठ महा वादळ आलं. यांपैकी क्यार तर भारताच्या किनाऱ्याला लागलंच नाही, ते ओमानच्या दिशेने गेलं. तरी आपल्या बोटी दिवसेंदिवस बंदरात राहिल्या. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदीनुसार महाराष्ट्राचं सागरी मत्स्योत्पादन २०१८ मध्ये २.९५ लाख टन होतं, ते २०१९ मध्ये २.०१ लाख टनांवर आलं. ४५ वर्षांतला तो नीचांक होता. त्या वर्षी घेतलेली कर्जं अनेकांच्या मानेवर पुढच्या हंगामातही होती, आणि पुढचं वर्ष टाळेबंदीचं निघालं.

म्हणून इशारा लवकर आणि अचूक मिळणं ही निम्मी गोष्ट आहे. तो पाळणं परवडलं पाहिजे. इशाऱ्यामुळे सक्तीने बंदरात काढलेल्या दिवसांचा काही मोबदला, निदान खलाशांच्या पोटापुरता, मिळाला तर ‘ऐकलं नाही’ असं म्हणायची वेळ खूप कमी वेळा येईल.

अरबी समुद्रात वादळं खरंच वाढली आहेत का?

गेल्या काही दशकांत अरबी समुद्राचं पाणी तापलं आहे आणि तिथली वादळं जास्त तीव्र व जास्त काळ टिकणारी झाली आहेत, असं अभ्यासांतून दिसतं. किनाऱ्यावरच्या माणसाला ती यादी पाठ आहे. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान आलं आणि कितीतरी मच्छीमार परतलेच नाहीत. त्यानंतर २०१७ मध्ये ओखी, २०१९ मध्ये क्यार आणि महा. ३ जून २०२० ला निसर्ग अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, मुरूड, दापोलीकडच्या नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या. मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याला समांतर वर गेलं आणि हंगामाचे शेवटचे दिवस घेऊन गेलं. जून २०२३ मध्ये बिपरजॉय अनेक दिवस समुद्रात रेंगाळून गुजरातला लागलं.

फयान आणि नंतरच्या वादळांत एक मोठा फरक आहे, तो म्हणजे निरोपाचा. फयानच्या वेळी बोटी बाहेर होत्या आणि त्यांच्यापर्यंत शब्द पोचवायचं साधन बहुतेकांकडे नव्हतं.

समुद्रात असतानाच हवा बिघडली तर?

किनारा जवळ म्हणून सरळ घराकडे तोंड करू नका. जवळच्या सुरक्षित खाडीचा विचार आधी करा, मग ती दुसऱ्या तालुक्यात असली तरी चालेल. जाळं पाण्यात असेल आणि ओढायला वेळ नसेल तर दोर कापा. लाखाचं जाळं कापताना हात थरथरतो, तरी कापा. मासळीची खोकी डेकवर उंच रचू नका, वजन खाली घ्या. इंजिन बंद पडलं तर नांगर किंवा दोराला बांधलेलं जड काहीतरी पुढून सोडून बोटीचं नाक लाटेकडे ठेवा.

बोटीवरच्या व्हीएचएफ बिनतारी संचावर १६ नंबरचा चॅनल संकटासाठी असतो. मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे दोन्ही क्रमांक खलाशांसह सगळ्यांना पाठ हवेत. रेंजच्या बाहेर उपयोगी पडतो तो इस्रोच्या तंत्रावर चालणारा ट्रान्सपॉन्डर. देशभरातल्या एक लाख बोटींवर तो बसवण्याच्या योजनेचा आरंभ ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्येच झाला. त्यावर इशारा येतो आणि संकटाचा संदेश इकडून जातो. तो बोटीवर असेल तर चार्ज आहे की नाही ते बंदर सोडण्याआधी पाहा. आपण कुठे मासेमारी करतो ते इतरांना कळेल या भीतीने काही जण तो बंद ठेवतात. तसं करू नका.

नुकसान झालं तर काय मिळतं?

बोट किंवा जाळ्याचं नुकसान झालं तर पंचनामा झाल्याशिवाय काही हालत नाही. फोटो लगेच काढा, तलाठी आणि मत्स्यव्यवसाय विभागाच्या परवाना अधिकाऱ्याकडे लेखी द्या, पोच घ्या. नोंदणी आणि परवान्याची मुदत संपलेली असेल तर अडचण येते, म्हणून ते पावसाळ्यातच नूतनीकरण करून ठेवा.

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत गट अपघात विमा आहे. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला २.५ लाख आणि रुग्णालयाच्या खर्चासाठी २५ हजारांपर्यंत. हप्ता सरकार भरतं, पण नाव नोंदलेलं असावं लागतं. परप्रांतीय खलाशांची नावं इथेच राहून जातात. नाखव्याने हंगाम सुरू होतानाच त्यांचे कागद करून घ्यावेत.

एप्रिल २०२५ मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. त्यामुळे वीज, कर्ज, विमा यांत शेतकऱ्यासारख्या सवलतींची वाट मोकळी झाली. बुडालेल्या दिवसांचा प्रश्न मात्र तसाच आहे.

आम्ही फिरायला आलो आहोत. लाटा बघायला, गरवायला (गळाने मासे पकडायला) जाऊ शकतो का?

लांबून बघा. खडकावर उभं राहून गरवायला या दिवसांत मुळीच जाऊ नका. ओला, शेवाळलेला खडक आणि मधूनच येणारी मोठी लाट यांनी दरवर्षी माणसं नेली आहेत, आणि शोधायला जावं लागतं ते गावातल्याच मच्छीमारांना, त्याच खवळलेल्या पाण्यात. किनाऱ्यावर वाहून आलेले मेलेले मासे खायला उचलू नका. पायाला चिकटणारे काळे गोळे डांबराचे असतात, ते पावसाळी वाऱ्याने दरवर्षी येतात. खोबरेल तेलाने निघतात.

इशारा उठला. आता मासळी कधी येईल?

बावटा उतरल्यावरही समुद्र निवायला एक-दोन दिवस लागतात. जवळच्या पाण्यात जाणाऱ्या फायबर होड्या सकाळी गेल्या तर त्याच दिवशी बांगडा, सौंदाळे, लेप घेऊन येतील. मोठ्या ट्रॉलरची फेरी आठवडाभराची असते, त्यामुळे मोठी सुरमई आणि पापलेट यायला तेवढा वेळ धरा. पहिल्या एक-दोन फेऱ्यांत मासळी कमी आणि कचरा जास्त येतो: पुराने आणलेले ओंडके, प्लॅस्टिक, तुटलेली जाळी. कधी जेलीफिशनेच जाळं भरतं. ट्रॉलरचं जाळं फाटलं तर दुरुस्तीत आणखी दिवस जातात.

त्या आठवड्यात बंदरावर गेलात तर पापलेटासाठी अडून बसू नका. जे आलं असेल ते घ्या, मांदेली असो, ढोमा असो की बारका बांगडा. मासळी विकणाऱ्या बाईशी त्या दिवशी दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करू नका, आठवडाभराने ती पहिल्यांदाच पाटी मांडून बसलेली असते.